मुरबाडच्या वाटेवरचा मोह

कल्याणहून मुरबाडकडे जाणारा रस्ता आपल्यापैकी बहुतेकांच्या ओळखीचा आहे. पावसाळा सुरू झाला की रविवारी कुटुंबेच्या कुटुंबे गाडीत बिर्याणीचे डबे भरून माळशेज घाटाकडे निघतात. शहाड, म्हारळ, वरप, कांबा, मग रायत्याला उल्हास नदीचा पूल, पुढे गोवेली आणि मुरबाड. तिथून सरळगाव, टोकावडे आणि मग घाट. पूर्वी हा 222 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग होता, आता 61 क्रमांकाचा आहे. या रस्त्याने आपण धबधबे पाहायला जातो, झाडे पाहायला कोणी जात नाही. मी गेले ते एका झाडासाठी, आणि झाडही असे की त्याचे नाव घेतले तरी आपल्या घरांत भुवया उंचावतात. ते झाड म्हणजे मोह.

निमित्त साधे होते. आमच्या दूधनाक्याच्या बाजूला पावसाळ्यात मुरबाडकडच्या आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसतात. शेवळे, कुरडू, टाकळा, भारंगी. त्यांतल्या एका मावशीकडून मी कितीतरी वर्षे भाजी घेते. गेल्या पावसाळ्यात तिच्या टोपलीत हिरवट, लिंबाएवढी, टोकाला निमुळती फळे होती. "दोडे हायेत, मोहाचे," ती म्हणाली. शेजारी उभी असलेली माझी जाऊ चटकन मागे सरली. "मोहाचे? तौबा!" मावशी हसली. तिला याची सवय असावी. "दारू नाय ताई, भाजी हाय. आता आमच्या पाड्यावर मोह लावतायत लोक. या बघायला."

बकरी ईद होऊन आठवडा झाला होता. घरात पाहुण्यांची वर्दळ ओसरली होती. मी आणि माझी भाची सकाळच्या एस.टी.ने निघालो.

पाड्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. मोहाची बातमी छापून आली की दोन प्रकारचे लोक येतात, एक फुले विकत घ्यायला आणि दुसरे भट्टी शोधायला, असे तिथल्या बायकांचे म्हणणे पडले. दोघेही त्यांना नको होते. एवढे सांगते की तो पाडा मुरबाड तालुक्यात आहे, मुख्य रस्ता सोडून पाऊण तास चालत जावे लागते आणि तिथे ठाकूर व कातकरी कुटुंबे राहतात.

आधी झाडाबद्दल सांगते, कारण आजच्या पिढीने ते पाहिलेले नसते. माझ्या भाचीने तर आंबा आणि वड सोडून फारसे काही ओळखण्याची तयारीच दाखवली नाही. मोह हा मोठा वृक्ष आहे. त्याची पाने चिवट, जाड, फांदीच्या टोकाला झुबक्याने येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती गळतात आणि उघड्या फांद्यांवर कळ्यांचे घोस लागतात. मार्च-एप्रिलमध्ये फुले येतात. ही फुले झाडावरून तोडत नाहीत. मलईच्या रंगाची, गरदार, गोड फुले रात्री उमलतात आणि पहाटे आपोआप खाली टपटपतात. रात्री वटवाघळे ती खायला येतात आणि परागकण या झाडावरून त्या झाडावर नेतात. पहाटे माणसे टोपल्या घेऊन येतात. वाळवलेले फूल मनुकेसारखे दिसते आणि चवही जवळपास तशीच लागते. नंतर फळे धरतात, ती दोडे. कोवळ्या दोड्यांची भाजी होते, पिकलेल्यांतून बी निघते आणि बीपासून तेल. त्या तेलात एकेकाळी या भागातल्या आदिवासी घरांत स्वयंपाक होत असे. थंडीत ते तुपासारखे गोठते. तेल काढल्यावर उरलेली पेंड जनावरांना घालत नाहीत, ती कडू आणि विषारी असते. पण ओढ्यात मासे मारण्यासाठी तिचा उपयोग करतात.

म्हणजे एकाच झाडाकडून फूल, फळ, तेल, सावली आणि शेवटी लाकूडही मिळते. आणि या सगळ्यातले आपल्याला ऐकून ठाऊक आहे ते फक्त दारूचे.

माझ्या नानांची कल्याणच्या खाडीकाठी लाकडाची वखार होती. आपल्या कोकणी मुस्लिम समाजातल्या कितीतरी घरांचा पिढीजात धंदा लाकूड, कोळसा आणि गवताचा होता, हे वाचकांना सांगायला नको. नाना लाकूड वासावरून ओळखत. साग, ऐन, शिसव, हेद ही नावे मी त्यांच्या तोंडून शिकले. मोह जड, चिवट आणि पाण्यात टिकणारा, असे ते म्हणत, पण तो फारसा येत नसे. आदिवासी मोह विकत नसत. तो घरच्या माणसात मोजला जाई. ठेकेदाराने कूप घेतला तरी त्यातला मोह आणि आंबा राखावा, अशी गावाची रीत होती. ही रीत पुढे का मोडली, हा प्रश्न माझ्या मनात तेव्हापासूनचा आहे.

लाकडाचा आणि कल्याणचा संबंध फार जुना. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक प्रवाशाने कल्याण बंदराचा उल्लेख केला आहे आणि तिथून बाहेर जाणाऱ्या मालात पितळ, कापड आणि शिसवी लाकडाचे ओंडके नोंदवले आहेत. म्हणजे या डोंगरांतली झाडे चौदाशे-पंधराशे वर्षांपूर्वीही खाडीतून अरबी समुद्रात जात होती. 1854 मध्ये रेल्वे कल्याणपर्यंत आली. मग पुढच्या रुळांना स्लीपर लागले, वाढत्या मुंबईला इमारती लाकूड लागले, चुलींना सरपण आणि कोळसा लागला. त्याच्याआधीही शेतकरी भाताच्या रोपासाठी राब भाजायला फांद्या छाटत होतेच. एवढ्या सगळ्यातून मोह बऱ्यापैकी वाचला होता, कारण जिवंत मोहाची किंमत तोडलेल्या मोहापेक्षा जास्त होती.

ती किंमत कमी झाली ती कायद्याने, असे मला वाटते. इंग्रज सरकारला अबकारी हा उत्पन्नाचा मोठा मार्ग सापडला होता. 1878 मध्ये मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला. दारू गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क सरकारने ठेकेदारांच्या हाती दिला. पण ठाणे जिल्ह्यातल्या प्रत्येक पाड्याभोवती मोहाची झाडे उभी होती आणि मडके व चूल असली की कोणीही दारू गाळू शकत होता. मग सरकारने बाटलीऐवजी फुलावरच हात टाकला. 1892 मध्ये ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी खास मोहफुलांचा कायदा झाला. फुले गोळा करणे, बाळगणे, नेणे-आणणे यांवर सरकारी नियंत्रण आले. दारूबंदी हा त्यामागचा हेतू नव्हता. सरकारच्या दुकानातली दारू खपावी, हा होता. आपण दारूच्या विरोधात आहोत म्हणून या कायद्याचे कौतुक करण्याची घाई करू नये.

स्वातंत्र्यानंतर 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही मोहफुलांवरची बंधने राहिली. महाराष्ट्र सरकारने ती 2021 मध्ये शिथिल केली. मधल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत काय झाले असेल, याची कल्पना करा. घरात वाळवलेल्या फुलांची टोपली ठेवणे म्हणजे शिपायाच्या हाती सापडणे. दुष्काळात जे फूल दळून भाकरीत घालत, तिळाबरोबर कुटून ज्याचे लाडू करत, ते चोरीचा माल झाले. खाण्यासाठी फूल ठेवणारा भ्यायला लागला आणि दारू गाळणारा तेवढा निर्ढावला. तो हप्ता देऊन सुटायचा. कायद्याने मोहाचे अन्न गेले, दारू मात्र राहिली. मग झाड वाचवायचे कोणासाठी?

पाड्यावर पोचलो तेव्हा पाऊस थांबून ऊन पडले होते. मावशीच्या अंगणात दहा-बारा बायका आणि चार-पाच पुरुष जमले होते. मध्ये गोणपाटावर मोहाच्या बियांचा ढीग होता. तपकिरी, चकचकीत, खजुराच्या बीपेक्षा मोठ्या. आज पेरणी होती.

मी विचारले, रोपे का नाही आणली? वनखात्याच्या रोपवाटिकेत मिळतात ना?

एक तरुण होता, मुरबाडला कॉलेजात शिकलेला. तो म्हणाला, "आणली होती पहिल्या वर्षी. पिशवीतली. बहुतेक मेली." मोहाचे सोटमूळ सरळ खोल जाते. पिशवीत ते वेटोळे घालून बसते आणि जमिनीत लावल्यावरही सरळ होत नाही. उन्हाळा आला की रोप तग धरत नाही. शिवाय मोहाची बी फार काळ जिवंत राहत नाही. दोड्यातून काढल्यावर काही आठवड्यांत तिची उगवण्याची ताकद संपते. गहू-हरभऱ्यासारखे पुढच्या वर्षासाठी डब्यात भरून ठेवता येत नाही. म्हणून पाऊस पडला, बी पिकली की त्याच आठवड्यात ती जमिनीत जायला हवी. शहरात जून-जुलैमध्ये साग, करंज, गुलमोहराची रोपे वाटणाऱ्या संस्था मोहाच्या वाटेला का जात नाहीत, याचे उत्तर मला तिथे मिळाले. मोह समारंभाला सोयीचा नाही.

पण खरा प्रश्न वेगळा होता आणि तो माझ्या भाचीने विचारला. पाड्याभोवती म्हातारे मोह तर आहेत. त्यांच्याखाली दरवर्षी बी पडते. मग आपोआप रोपे का येत नाहीत?

यावर सगळे एकदम बोलायला लागले. थोडा वेळ काही कळेना. सारांश असा: फुले वेचायला सोपे जावे म्हणून मार्चमध्ये झाडाखालचा पालापाचोळा पेटवून जमीन मोकळी करायची जुनी पद्धत आहे. त्या आगीत गेल्या वर्षी उगवलेली रोपे जळतात. आग पसरली तर डोंगरावर वणवा लागतो. त्यातून वाचले तर शेळ्या कोवळी पाने खातात. आणि बी? ती तर शेवटची वेचून नेली जाते, कारण घाण्याला जेवढी बी तेवढे तेल. म्हणजे झाडाखाली काहीच उरत नाही. म्हातारी झाडे आहेत, तरुण झाडे नाहीत. एका आजोबांनी हाताने दाखवले: ही शंभराच्या पुढची, ती माझ्या बापाने पाहिलेली, आणि मग थेट हे, असे म्हणत त्यांनी गेल्या वर्षीच्या वीतभर रोपाकडे बोट केले. मध्ये कोणीच नाही. आपल्या एखाद्या वाड्यात आजी-आजोबा आणि तान्ही मुले तेवढी राहावीत, कमावती पिढी सगळी आखातात असावी, तसे काहीसे.

म्हणून पाड्याने ठरवलेले नियम झाडे लावण्यापेक्षा झाडाखाली काय सोडायचे याबद्दल आहेत. झाडाखाली आग लावायची नाही. पाला झाडूने बाजूला करायचा किंवा जुनी लुगडी आणि जाळ्या अंथरायच्या. ठरलेल्या काही झाडांची बी कोणी वेचायची नाही, ती तिथेच पडू द्यायची. रोपे असलेल्या भागात पहिली काही वर्षे शेळ्या सोडायच्या नाहीत. हा शेवटचा नियम सगळ्यात कठीण. ज्याच्याकडे जमीन नाही त्याच्याकडे शेळ्या असतात, म्हणजे नियमाचा भार सगळ्यात गरीब घरावर पडतो. कातकरी कुटुंबांनी हे बैठकीत स्पष्ट सांगितले होते आणि त्यावर अजून पुरता तोडगा निघालेला नाही. सध्या चरायला डोंगराची दुसरी बाजू मोकळी ठेवली आहे, तिथे गवत कमी आहे.

हे सगळे करायला कागदी आधार आहे तो 2006 च्या वनहक्क कायद्याचा. त्यात गौण वनोपज गोळा करण्याचा आणि वापरण्याचा हक्क वनात राहणाऱ्या समाजांना मिळाला आणि सामूहिक वनाची राखण व व्यवस्था करण्याचा अधिकार ग्रामसभेला मिळाला. मुरबाड तालुक्यात आदिवासींच्या संघटनांनी या हक्कांसाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, दावे दाखल केले, त्यामागची चिकाटी शहरातून दिसत नाही. महाराष्ट्रात याआधीही असे झाले आहे. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या बारीपाडा गावाने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने नव्वदच्या दशकापासून कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी करून चारशेहून अधिक हेक्टर जंगल परत उभे केले. 2025 मध्ये पवार यांना पद्मश्री मिळाली. बारीपाड्याची गोष्ट या पाड्यावरच्या तरुणांनी ऐकलेली होती. "पण त्यांना तीस वर्षं लागली," तो कॉलेजवाला म्हणाला, आणि लगेच ढिगातल्या किडक्या बिया निवडायला बसला.

आता त्या दिवशीच्या भांडणाकडे येते. ते पाहुण्यांसमोर लपवले गेले नाही, याचे मला बरे वाटले.

जमलेल्या बायकांत एक मध्यमवयीन बाई बाजूला बसली होती. बियांना तिने हात लावला नव्हता. तिचा नवरा दारूने गेला आणि थोरला मुलगाही त्याच वाटेवर आहे, हे मला नंतर कळले. ती उभी राहून म्हणाली, "मोह लावा, खुशाल लावा. मंग धा-पंधरा वर्सांनी फुलं येतील तवा माझा नातू वयात आलेला आसंल. त्याला काय पाजणार?" कोणी उत्तर देईना. आजोबांनी समजूत घालायचा प्रयत्न केला, दारू आता गुळाची आणि नवसागराची होते, मोहाची कोण पितो. ती म्हणाली, "पित नाय म्हनून चांगलं झालंय का?"

मला तिचे म्हणणे नाकारता येईना. आपण मुसलमान आहोत, दारूने उद्ध्वस्त झालेले घर पाहण्याची गरज नसतानाही तिची बाजू आपल्याला समजते. मग मावशी बोलली. तिचे म्हणणे असे की झाड नव्हते तेव्हाही दारू होती. उलट झाड होते तेव्हा घरात तेल होते. आज तेलाची पिशवी दुकानातून आणावी लागते आणि तेलाला पैसे पाहिजेत म्हणून माणूस वीटभट्टीवर जातो, सहा-सहा महिने पाडा ओस पडतो. "पोटाला असलं तर बाईच्या हातात बोलायचं बळ असतं," असे ती म्हणाली. शेवटी आधीच्या बैठकीतला ठराव पुन्हा वाचून दाखवण्यात आला: पाड्याच्या हद्दीत भट्टी लागणार नाही आणि फुलांचा हिशेब बायकांचा गट ठेवेल, पुरुष नाही. त्या बाईने मान हलवली, पण बियांना हात लावला नाही. ती आमच्याबरोबर डोंगरावरही आली नाही.

आमच्या घरी परतल्यावर हाच प्रश्न उलट्या बाजूने आला. दोडे खावेत का, मोहाचे तेल वापरावे का? मी आमच्या मोहल्ल्यातल्या मौलाना साहेबांना विचारले. ते हसून म्हणाले, खजूर खाता ना? द्राक्षे खाता? सूरह नहलमध्ये खजूर आणि द्राक्षांविषयी जे आले आहे ते त्यांनी समजावले: त्याच फळातून माणूस नशाही काढतो आणि उत्तम रोजीही मिळवतो. हराम आहे ती नशा. फूल, फळ आणि तेल जोवर नशा आणत नाही तोवर त्याला कोण हराम म्हणेल? आपल्याकडे वसई-भिवंडीच्या बाजूला पहाटेची ताडाची नीरा लोक पितात आणि दिवस चढल्यावर तिची ताडी झाली की हात लावत नाहीत. माझ्या जावेने हे शांतपणे ऐकले आणि विचारले, "पण वास येतो का?" येतो. मोहाच्या तेलाला उग्र वास असतो. तिचा निकाल तिथेच लागला.

पेरणीला दुपार झाली. जोहरची वेळ झाली तेव्हा शाळेच्या पडवीत आम्हाला जागा दिली. मावशीच्या सुनेने खराटा फिरवून सतरंजी अंथरली आणि बाहेर गोंगाट करणाऱ्या पोरांना दटावून गप्प केले. नमाजनंतर जेवण होते: नाचणीची भाकरी आणि दोड्यांची भाजी. दोडे सोलून, चिरून, आधी उकडून पाणी टाकतात, मग कांदा, लाल तिखट आणि हळदीत परततात. एरवी सुकट घालतात, त्या दिवशी आमच्यासाठी घातली नव्हती, कारण आम्ही काय खातो याची त्यांना खात्री नव्हती. मी म्हटले, अगं आम्ही भिवंडी-कल्याणचे, सुकटीशिवाय आमचा पावसाळा जात नाही. यावर बरीच हसाहशी झाली. भाजीची चव कच्च्या फणसाच्या जवळची, किंचित तुरट. भाचीने दोनदा घेतली.

डोंगराच्या उतारावर पेरणीची पद्धत अशी: सळईने बोटभर खोल भोक, त्यात दोन बिया, वर माती आणि बाजूला काटेरी फांदी. काटेरी फांदी शेळीसाठी आणि पुढे उन्हाळ्यात खूण म्हणूनही. जिथे करवंदाची जाळी आहे तिथे तिच्या पोटात बी टाकतात, कारण काटे निसर्गानेच लावलेले असतात आणि सावलीही मिळते. हाजीमलंगच्या वाटेवर जी करवंदे आपण द्रोणातून विकत घेतो त्या जाळ्या रोपांचे असे रक्षण करतात, हे मला ठाऊक नव्हते. झाड लावावे, त्यातून पक्षी, प्राणी, माणूस जे खाईल ते लावणाऱ्याचा सदका, ही हदीस आपण जलशांत नेहमी ऐकतो. इथे तर पहिला वाटा वटवाघळांचाच होता. भाचीने सात-आठ भोकांत बी टाकली आणि प्रत्येक वेळी फोटो काढला. मी थकून एका दगडावर बसले.

तिथून खाली खोरे दिसत होते. भातखाचरे, पलीकडे नव्या फार्महाऊसच्या निळ्या-लाल पत्र्यांच्या रांगा, कुंपणे, प्लॉटचे फलक. मुरबाड तालुक्यात आता जमिनी झपाट्याने विकल्या जात आहेत. शेजारच्या शहापूर आणि भिवंडी तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला आहे, त्याचा परिणाम इथल्या भावांवरही झाला. 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत मोह आहे, म्हणजे खासगी जमिनीतला मोहही परवानगीशिवाय तोडता येत नाही. पण प्लॉटची आखणी करताना मध्ये येणारे झाड एखाद्या रात्री आपोआप वाळायला लागते, मुळाशी काय ओतले ते कोणी पाहिलेले नसते. आपल्यापैकीही काहींनी या बाजूला प्लॉट घेतले आहेत, घेत आहेत. घ्या, पण कुंपणाच्या आत मोह असेल तर तो कोणाच्या फुलांचा आणि तेलाचा होता ते शेजारच्या पाड्यावर एकदा विचारा. आणि त्या घराला पहाटे फुले वेचायला फाटक उघडे ठेवा.

याच तालुक्यात बारवीचे धरण आहे. त्याचे पाणी औद्योगिक विकास महामंडळाच्या जलवाहिन्यांतून अंबरनाथ, डोंबिवलीकडे येते. ज्या डोंगरांवरची माती धरणात उतरते त्या डोंगरांवर झाड असणे-नसणे हे आमच्या नळाशीही जोडलेले आहे. कल्याणला राहून मोहने, मोहिली ही जवळपासच्या गावांची नावे रोज ऐकते, आता ती ऐकताना हे झाड आठवते. नावे त्यावरूनच पडली की नाही हे भाषेचे जाणकार सांगतील.

मावशीकडून मी एक बाटली तेल घेतले. तिने ते जुन्या बियांचे, घरी उकडून-कुटून, शेजारच्या गावातल्या घाण्यावर नेऊन काढलेले होते. तिथला घाणा बंद पडण्याच्या बेतात आहे, बीच पुरेशी येत नाही म्हणून. झाडे वाढेपर्यंत घाणा टिकेल का, ही तिची काळजी आहे, आणि बायकांच्या गटाला स्वतःचा लहान घाणा घेता येईल का याची चौकशी मुरबाडच्या बँकेत चालू आहे. माझ्या आईच्या गुडघ्यांना ते तेल चोळते. तिला लहानपणीची आठवण आली. नानांकडे कोणी आदिवासी लाकूडतोड्या हंडीभर तेल आणून देई आणि आजी हिवाळ्यात ते सगळ्या मुलांच्या टाचांना लावत असे.

जानेवारीत भाची एकटीच पुन्हा जाऊन आली. तिच्या भोकांपैकी तीन ठिकाणी रोप होते. एक शेळीने खाल्लेले, तरी बुडापासून फुटलेले. बाकीच्या ठिकाणी काहीच नव्हते. करवंदाच्या जाळीतली रोपे सगळ्यात टवटवीत होती, म्हणून यंदा बहुतेक बी जाळ्यांतच टाकायची असे पाड्याने ठरवले आहे. उताराच्या वरच्या बाजूने गवत कापून सहा-सात हात रुंदीची जाळरेषा काढायचे काम चालू होते. शिमग्याच्या आसपास वणव्याचे दिवस सुरू होतात, तेव्हापासून पहिल्या पावसापर्यंत रोज रात्री दोन घरांनी राखणीला जायचे, अशी पाळी लावली आहे. पाळ्यांचा कागद शाळेच्या भिंतीवर चिकटवलेला आहे. त्यात त्या बियांना हात न लावणाऱ्या बाईच्या घराचे नाव आहे का, हे मी भाचीला मुद्दाम पाहायला सांगितले होते. आहे. होळीनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात, मावशीच्या घराबरोबर.